मागचा हात

सावर्डे स्टेशनच्या मागे, फेलिसिदादबायच्या बारात
एकच टेबल आहे, सहा खिशांचं.
हिरवं कापड दोनदा रफू केलेलं,
नदीकडच्या अंगाला जरासा उतार.
मालगाडी गेली की चेंडू जागच्या जागी थरथरतात
आणि खेळणारे सगळे थांबतात, डबे मोजल्यासारखे.

आठ महिने मी तिथे हरत होतो.

पुढचा हात माझा बरा होता,
बोटांचा पूल पक्का, तर्जनीची कडी नीट.
सगळे पुढच्या हाताकडेच बघतात.
ती मात्र काउंटरमागून, फेणीचे पेग मोजता मोजता
माझ्या पाठीमागचं बघायची.
एकदा येऊन उभीच राहिली:
‘काठी न्हय रे शाबा, तुजोच हात तूं धरून बसला.’

मग क्यू काढून घेतला,
एका बोटावर आडवा ठेवला, डोलू दिला,
थांबला तिथे नखानं खूण केली.
‘हांगा ताचें पोट. हाच्या फाटल्यान एक वीत.’
तिथे पहिली दोन बोटं खालून,
गरवायला बसलेला माणूस दोरी बोटावर घेतो तशी,
मासा लागला तर कळावं इतपत.
अंगठा सरळ खाली.
उरलेली दोन बोटं लागली तर लागली;
क्यू मागे जाताना ती उघडतात,
पुढे येताना आपसूक मिटतात,
त्यांना सांगायला जायचं नाही.
आणि टोक पांढऱ्याला शिवेल त्या क्षणी
कोपरापासून मनगट गवंड्याच्या ओळंब्यासारखं.

‘आणि तळहातात काय?’ मी विचारलं.
‘वारें,’ म्हणाली, आणि ग्लास विसळायला गेली.

एकोणीस वर्षं मी टिपर चालवला.
खाणीपासून जेटीपर्यंत, दिवसाला चार खेपा,
मागे दहा टन लाल माती.
ब्रेक तापले की स्टिअरिंग आवळायचं,
हे कुणी शिकवलं नव्हतं, उतारानं शिकवलं.
खाण बंद झाली. टिपर माडाखाली उभा राहिला,
केबिनमध्ये शेजाऱ्यांची कोंबडी खुडूक बसली.
हात मात्र उतारावरच राहिले.
दाढीचा ब्रश, भाताचा घास, मुलीचं मनगट,
सगळं तसंच धरायचो.
ती एकदा म्हणाली, बाबा, दुखतं.
मी म्हटलं, रस्ता आहे.

दुपारी बारात कुणी नसायचं.
रिकामी बाटली टेबलावर आडवी,
तिच्या तोंडात क्यूचं टोक आत-बाहेर,
काचेला न शिवता.
काच वाजली की बाय आतल्या खोलीतून मोजायची,
झोपेत असल्यासारखी: ‘सतरा.’
थोड्या वेळानं: ‘अठरा.’
घट्ट धरलं की वाजते, ते समजलं.
सैल सोडलं तरी वाजते, ते समजायला पावसाळा गेला.
धरणं आणि सोडणं यांच्या मधे
एक जागा असते, बोटाच्या पेराएवढी,
आणि ती रोज थोडी सरकलेली असते.

होस्पेटहून माणूस आला टिपर बघायला.
टायर लाथेनं तपासले, भाव भंगाराचा सांगितला,
कोंबडीला हाकललं.
चावीसाठी हात पुढे केला.
माझ्या दोन बोटांवर होती ती, अंगठा खाली लोंबता.
त्यानं ओढायच्या आधीच गेली.
बोटांवर गंजाची खूण राहिली, बाकी काही नाही.

त्या संध्याकाळी काळा चेंडू तेवढा उरला होता.
मी वाकलो आणि मालगाडी आली.
थांबलो. क्यू बोटांवर नुसता टेकलेला,
रुळांची थरथर त्यातून कोपरापर्यंत.
शेवटचा डबा गेला.
बाय बाटल्या पुसत होती, बघत नव्हती,
म्हणजे बघत होती.

सरळ गेला क्यू. आवाजावरून कळतं.
काळा खिशाच्या ओठाला लागला, घुटमळला,
आणि हळूहळू नदीच्या बाजूला निघून गेला.

उतार मी धरलाच नव्हता.