पहाटे चारची चावी

लोखंडी, हातभर लांब, वर आडवी मूठ.
थाटीपूरच्या लोहाराकडून घडवून आणली होती.
पावती माझ्या फायलीत आहे: रुपये एकशे चाळीस.

बावीस घरं. निम्मे आम्ही महालेखाकार कार्यालयातले,
म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर
हिरव्या शाईने आक्षेप काढलेले.
तेव्हा वसाहतीची घटना पक्की होती.
कलम सात: वॉल्व्हची चावी
दर महिन्याला पुढच्या घरी जाईल.
या एका ओळीसाठी तीन रविवार भांडलो.
भदौरियांनी तर कप आपटला,
बशीला तडा गेला,
आणि घरी परतताना छाती उगाच रुंद वाटत होती.

चावी फिरली. कुणाच्या दाराआड,
कुणाच्या देव्हाऱ्याशेजारी, तेलंगांच्या गादीखाली.
पाणी कधी चारला, कधी साडेपाचला,
एकदा आलंच नाही, तेलंगांचा डोळा लागला.
आम्ही हसलो.
दुसऱ्यांदा हसलो नाही.

मग तो उन्हाळा. तिघऱ्याचा तळ उघडा पडला,
टँकरमागे बादल्या, बादल्यांमागे शिव्या.
पागनीस म्हणाले, हे दोन महिने राहू दे माझ्याकडे.
खोटं कशाला बोलू, माणूस कामाचा.
चारच्या ठोक्याला बंडीवर बाहेर, हातात टॉर्च,
वरच्या गल्लीला वीस मिनिटं, खालच्या गल्लीला वीस,
स्वतःच्या घरालाही वीसच.
त्या जूनमध्ये एकाही घरात भांडं कोरडं राहिलं नाही.
आम्ही त्यांना शाल दिली.

दिवाळीनंतरच्या सभेत
त्यांनीच चावी टेबलावर ठेवली.
घ्या, म्हणाले. माझं झालं.

हे मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही,
म्हणून इथे लिहितो.
चावी चिवड्याच्या बशीशेजारी होती
आणि एकवीस माणसं चिवड्याकडे बघत होती.
ग्वाल्हेरची थंडी. पहाटेचे चार.
कुणाचे गुडघे, कुणाची मुलगी बारावीला.
कुणीतरी म्हणालं, तुमच्यासारखं कुणाला जमणार?
कुणीतरी मीच असेन.
मग पेनाचं टोपण काढून लिहिलं: सर्वानुमते.

पुढच्या वर्षी चावी टेबलावर आली नाही.
त्याच्या पुढच्या वर्षी निवडणूक होती,
ती पाइपलाइनच्या कामापायी लांबली.
पाइपलाइन झाली. निवडणूक राहून गेली.
कुंदा फाळके, नर्स, रात्रपाळी उरकून तशीच सभेला आलेली,
तिने विचारलं, कलम सातचं काय झालं?
पागनीस रागावले नाहीत.
मला म्हणाले, यांचा मुद्दा नोंदवून घ्या.
मी नोंदवला.

त्या आठवड्यात तिच्या गल्लीला पाणी बारा मिनिटं आलं.
पुढच्या आठवड्यात नऊ.
गल्लीतली बाकीची पाच घरं
पागनीसांवर चिडली नाहीत.
कुंदावर चिडली.

माझ्या गल्लीला विसाची पंचवीस झाली होती.
घड्याळ लावून मोजली मी.
आक्षेप काढला नाही.

कुंदानं घर विकलं. नवीन आलेल्यांना
कलम सात माहीत नाही, त्यांना फक्त
पागनीसांना कसं बोलायचं ते माहीत आहे.

परवा नातू पेपर वाचत होता.
कुठल्याशा कोवळ्या देशात
मतदान बेमुदत पुढे गेलंय.
आजोबा, तिथले लोक गप्प कसे बसतात?
म्हटलं, रणगाडे असतात, बाळा.
फोटोत रणगाडा नव्हता.
गळ्यात हार घातलेला एक दमलेला माणूस
आणि समोर टाळ्या.

हल्ली चावी पागनीसांचा मुलगा फिरवतो,
जाग येईल तेव्हा. कधी सहा, कधी सात.
लोखंडी झाकण सरकल्याचा आवाज आला
की मी बादली नळाखाली ढकलतो
आणि पुन्हा पडून राहतो.

एकशे चाळीस भागिले बावीस.
प्रत्येकी सहा रुपये छत्तीस पैसे,
हिशेब जुळेना म्हणून
वरचे आठ पैसे मी घातले होते.