निळी नको, लाल

काल कॅम्पसाइटवर तार जोडलेली होती,
विजेवर पाणी तापलं मुकाट,
इतकं मुकाट की त्याची दखलही घेतली नाही.
आज तार नाही. समोर काळं तळं,
पलीकडं पाठ फिरवून बसलेल्या मेंढ्या,
उत्तर युइस्टचं मार्चमधलं वारं
आणि भिंतीवरच्या पट्टीत
एक लाल दिवा.

"गॅसचंच काहीतरी," तोरकिल म्हणतो.
एकतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढली त्यानं.
इंजिनाला सर्दी झालीय हे कानानं ओळखायचा.
आता दहा लिटरच्या डब्यापुढं
गुडघे टेकून बसलाय,
कपाळावर बॅटरी बांधून.

मी पुस्तिका वाचते. डावा हात प्लास्टरमध्ये,
पान उलटायचं तर हनुवटी लावावी लागते.
बंद करा. थांबा. पुन्हा चालू करा.
टिक् टिक् टिक् टिक्
मग काही नाही.
मग लाल.

"बाहेरचं झाकण काढलं होतंस ना?"
त्याला ऐकू येत नाही.
थोड्या वेळानं दार उघडतो, थंडी आत सोडतो,
व्हॅनला वळसा घालून येतो,
खिसा फुगलेला.
त्या खिशाविषयी आम्ही बोलत नाही.

टिक् टिक् टिक्.
लाल.

आणि आता व्हॅनखाली टपटप.
पाणी कुठंतरी मुरतंय म्हणतात, ते हे असं:
टाकीच्या पायाशी एक कळ असते,
थंडी फार झाली की आपोआप उघडते
आणि सगळं पाणी रस्त्यावर सोडून देते.
गोठून फुटण्यापेक्षा रितं झालेलं बरं.
पुस्तिकेत याला एकच ओळ दिलीय.
मी ती दोनदा वाचली,
एकदा त्याच्यासाठी मोठ्यानं.

कळीला ऊब हवी. ऊब म्हणजे गरम पाण्याची पिशवी.
पिशवीसाठी किटली. मी किटली ठेवली,
एक शब्दकोडं सोडवलं, दुसरं अर्धं टाकलं,
तरी किटली गप्प.
वाकून पाहिलं तर शेगडीवर
नखाएवढी ज्योत, तीही पेंगुळलेली.

"तोरकिल, बाटली कुठली आणलीस?"
"निळी."
"का?"
"गेल्या उन्हाळ्यातली. अर्धी उरली होती."

उन्हाळ्यातली! या गारठ्यात निळीतला गॅस
पांघरूण ओढून तळाशी पडून राहतो,
वर यायचं नावच घेत नाही.
त्याच्यावर ठिणग्या पाडणं
म्हणजे झोपलेल्या माणसाशी भांडणं.
मला त्याची सवय आहे, डब्याला नाही.

मी फोन केला. लॅक्लन आला चारचाकी मोटरसायकलवरून,
मागं एक लाल बाटली आणि एक ओलं कुत्रं.
लालची नळी वेगळी; ती चमच्यांच्या खणात सापडली.
गॅसचे आटे उलटे फिरतात,
हे मात्र तोरकिलनं आम्हा दोघांना समजावून सांगितलं,
सावकाश, न विचारता.

आता शेगडी नीट पेटली. किटली बोलली. पिशवी कळीपाशी.
कळ दाबली, ती दाबलेली राहिली.
पंप घरघरला, नळ खोकला,
मग पाण्याची सलग धार.
टिक् टिक्
आणि कुठंतरी आत, फुस्स.

लाल दिवा विझला.
विझला म्हणजे पेटलं.

अर्ध्या तासानं त्यानं नळाखाली मनगट धरलं,
बाळाचं दूध बघतात तसं.
"ये," म्हणाला.
नऊ दिवस झाले, एका हातानं केस धुता येत नाहीत.
सिंक लहान, मान अवघडलेली,
पाण्याला प्लास्टिकचा वास, बोटांना गॅसचा,
साबण कानात गेला, मी ओरडले,
त्यानं पुन्हा धार सोडली.

रात्री पुस्तिका मिटताना दिसलं,
समासात पेन्सिलीनं लिहिलंय: निळी नको, लाल.
आणि त्याखाली, फार बारीक अक्षरात,
झाकण.