चार नंबरचा ब्रश

थंडर बेमध्ये मार्च म्हणजे मीठ.
रस्त्यावर पसरलेलं, गाड्यांच्या पोटाला चिकटलेलं,
आमचं पोट त्याच्यावरच.
चार खण, चार नळ्या, चार ब्रश.
मी नाणी काढतो, गटारातला गाळ उपसतो,
यंत्राने कुणाचं नाणं गिळलं तर बुक्की मारून ओकायला लावतो.

आइला किवेला शनिवारी सातला यायची,
फार गोठलेलं असेल तर नाही.
गाडी गडद निळी, एकवीस वर्षांची. भावाची होती.
तो आता नाही, एवढंच मला ठाऊक.

दोन बादल्या घरून आणायची.
एकीत साबण, एकीत नुसतं पाणी, तळाला जाळी,
खाली बसलेली रेती पुन्हा वर येऊ नये म्हणून.
भिंतीवर मालकाची पाटी: बादलीने धुण्यास मनाई.
शनिवारी सातला मी माझा कोट त्या पाटीवर टांगायचो.

आमच्या ब्रशकडे ती ढुंकूनही बघत नसे.
एकदा विचारलंच.
म्हणाली, "काल याच्या केसांत कोण होतं?"

काल होता खाणीवरचा पिकअप,
अर्धा तास चाकांवरचा चिखल खरवडत.
त्याच्या आधी कुणाचा तरी घोड्यांचा ट्रेलर.
"ते सगळे आता माझ्या दारावरून हात फिरवणार," ती म्हणाली.
मी काही बोललो नाही.

सोळाव्या वर्षी बाबांची काळी गाडी
याच खणात, याच ब्रशने
जीव लावून घासली होती मी.
दुसऱ्या दिवशी ऊन पडलं.
बॉनेटभर जाळी,
जणू रात्रभर कोळी पाळीवर होते.
बाबा म्हणाले, छान धुतलीस.
त्यानंतर गाडी नेहमी सावलीत लावू लागले.

आइला आधी पाणीच मारायची, टपापासून खाली,
बंदूक हातभर लांब, एका जागी कधी न थांबवता.
"भिजू दे. सुटायचं ते आपणहून सुटतं."
यंत्र टिकटिकत पैसे खायचं. खाऊ दे.
मग लोकरी हातमोजा, सरळ रेघेत, गोल नाही,
दर फळीनंतर साध्या पाण्यात बुडवून.
दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी,
कारण रस्ता तिथेच राहायला असतो.
टॉवेल घासायची नाही, नुसता अंथरायची,
शाई टिपावी तसा उचलायची.
शेवटी चारही दारं उघडून रबरं पुसायची.
"नाहीतर सकाळी गाडी मला आत घेत नाही."

एप्रिलमध्ये गाडी आली. आइला नव्हती.
एक कॉलेजातला पोरगा उतरला, कानात गाणी.
तिला आता संध्याकाळचं नीट दिसत नाही,
म्हणून विकली, म्हणाला. स्वस्तात दिली.
त्याने चार डॉलर टाकले
आणि थेट ब्रश उचलला.

फेस गुलाबी होता.
फेसात काही दिसत नाही, हाच तर फेसाचा धंदा.

मी मागच्या खोलीत गेलो आणि
चार नंबरचा नळ आवळला.
गुरगुरून ब्रश कोरडा पडला,
निळ्या दारापासून वीतभर अलीकडे.

"बिघडलाय," मी म्हटलं.
त्याचे चार डॉलर खिशातून परत दिले,
माझ्या खिशातून, मालकाच्या नव्हे.
मग गाळाची बादली तीनदा विसळली,
दुसरी शेजारच्या दुकानातून मागून आणली.
हातमोजा माझा स्वतःचा, कोरा,
कधी घेतला होता कुणास ठाऊक.

त्याने पाटीकडे पाहिलं.
पाटी दिसत नव्हती. वार मंगळवार होता,
तरी कोट तिथेच होता.

"वेळ लागेल ना असं?" तो म्हणाला.

म्हटलं, हो.
कानातलं काढ. आधी नुसतं पाणी.