एकतीस डिसेंबरचं वय

नेरूळच्या क्लबात, क्लोरीनच्या तक्त्याशेजारी
सोमवारी पहाटे नवा कागद लागला.
कुणीतरी ओल्या बोटांनी आधीच वाचलेला,
‘मास्टर्स’मधला ‘र्स’ विरघळलेला.

इक्बाल दळवींनी मोठ्याने वाचून दाखवला,
टोपी अर्धी कपाळावर चढवून:
यापुढे वय धरायचं एकतीस डिसेंबरचं,
स्पर्धेच्या दिवशीचं नाही.
सत्तरीपुढच्यांनी डॉक्टरचं पत्र आणावं.
बटरफ्लायला बेडकाची लाथ चालेल.
सूर ज्यांना झेपत नाही
त्यांनी पाण्यात उतरून, भिंतीला हात लावून सुरुवात करावी.

“बेडकाची लाथ!” शरयू टिपणीस म्हणाली,
“वीस वर्षं तीच मारतेय,
आणि वीस वर्षं बाद होतेय.”

माझा जन्म अठ्ठावीस डिसेंबरचा,
स्पर्धा चौदाला.
म्हणजे त्या कागदाने मला
चौदा दिवस आधीच साठ केलं.
घरी सांगितलं तर सून म्हणाली, मग केक कधी आणू?
तिला कसं सांगू,
की पंचावन्नच्या गटात मी सगळ्यांत थकलेली
आणि साठच्या गटात सगळ्यांत कोवळी;
गेली दोन वर्षं मी
म्हातारी व्हायची वाट बघत पोहतेय.

रिलेला तर चौघांच्या वयांची बेरीज.
धर्मा भोईर शहात्तर
(एक जून, मास्तरांनी शाळेत घातलेला),
इक्बालभाई बहात्तर, शरयू बहात्तर, मी एकोणसाठ.
दोनशे एकोणऐंशी.
एका वर्षासाठी खालच्या गटात,
ऐरोलीच्या त्या तरण्याबांड साठीवाल्यांबरोबर.
आता माझं एक पडलं
आणि दोनशे ऐंशी भरले.
संसारात एवढं घातलं,
पण माझ्या वाटणीचा आकडा
असा कागदावर कधी दिसला नव्हता.

धर्माकाका मात्र गप्प.
एप्रिलमध्ये गुडघा बदललेला, नवा, स्टीलचा.
दिवाळ्याचा माणूस; जिथे पोहायला शिकला
तिथे आता सेक्टरला नंबर आहे आणि खाली पार्किंग.
“पान्यान उबं रावून सुरुवात?
ही काय आंघोल हाय?
मना नको तुमची सवलत.”
आणि ओल्या पावलांनी, रेलिंग न धरता,
उगाचच ताठ चालत गेला.

कागदात तळाशी एक ओळ होती,
ती कुणी मोठ्याने वाचली नव्हती:
आधीच्याचा हात लागेपर्यंत
पुढच्याने भिंत सोडायची नाही.

चौदा तारखेला मी तिसरी.
शेवटचे पाच मीटर. गॉगलमध्ये पाणी,
छातीत लोहाराचा भाता.
सवयीने वर बघितलं, ठोकळ्याकडे.
ठोकळा रिकामा.
क्षणभर वाटलं, गेला हा रुसून घरी,
बुडाली सगळी बेरीज.
मग पाण्याखाली दिसला
निळ्या फरशीवर पसरलेला पंजा,
जाळी ओढून गाठाळलेली बोटं,
करंगळी वाकडी.
त्याच्याशेजारी मी माझा हात आपटला.
तो सुटला.

डोकं वर काढून पोहतो तो अजून,
लांबची होडी शोधत असल्यासारखा.
पंचवाले सगळे हसत होते, मीही,
दोरीला लटकून, धापा टाकत,
आणि घड्याळाकडे बघायचं राहून गेलं.

आमच्या गटात दुसरा संघच नव्हता.
पहिले आम्ही, शेवटचेही आम्हीच.
प्रमाणपत्रावर त्याचं नाव ‘धर्मेश’ छापलंय.
शरयू दुरुस्त करून मागणार होती,
तो म्हणाला, रावू दे, तरना वाटतो.

मंगळवारी तक्त्याशेजारी पुन्हा नवा कागद.
धर्माकाका त्यापुढे डोळे बारीक करून उभा,
चष्मा लॉकरमध्ये.
“आता कंचा नियम?”
मी वाचलं: पंपाच्या दुरुस्तीसाठी
तलाव आठ दिवस बंद.
“मंग ठीक,” म्हणाला,
“मना वाटला, परत वय वारवला.”