नियम क्रमांक चार

दुपारी झेरॉक्सवर कोणी नसतं.
टिकाराम लांजेवार आला तेव्हा मशीनही गार होतं.
पिशवीत तेंदूच्या फळीवरची जुनी रजिस्टरं :
पुढून मजुरांची नावं, पुड्यांचा हिशेब,
उलटून धरलं की कादंबरी.

नागपूरला कुठली संस्था आहे म्हणे,
ज्यांचं एकही पुस्तक निघालेलं नाही
त्यांच्या पहिल्या कादंबरीला पन्नास हजार देते,
वर छापूनही.
चार महिने मी टाइप करत होते,
लग्नपत्रिका आणि उत्पन्नाच्या दाखल्यांच्या मधल्या वेळात.
दोनशे दहा पानं झाली.
"सत्तर पानाचा एक पुडा," तो म्हणाला,
"म्हंजे तीन पुडे. मोजनी बराबर हाये, बाई."

मग मी नियम वाचले.
एक, तीन प्रती. दोन, कागदाची एकच बाजू.
तीन, लेखकाचं नाव संहितेत कुठेही नसावं.
"नसू दे. फळीवर तं मले मुंशीच म्हनतेत."
चार, कादंबरी यापूर्वी कोठेही,
कोणत्याही स्वरूपात, प्रकट झालेली नसावी.

"प्रकट म्हंजे?"
म्हणजे लोकांपुढे आलेली.
त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
"मंग तं झाली."

मे महिन्यात, वाळत घातलेले पुडे उलटवून झाले
की अर्जुनीकडच्या त्या जंगलात
तो कंदिलाशी रोज दोन पानं वाचायचा.
चौदा बाया, पाच बापे,
आणि ट्रकचा क्लीनर, ज्याला मराठी येत नव्हती
पण तो उठायचा नाही.
सायत्रा कुंभरे एका रात्री भांडली :
"तिले मारू नोको. तिचा हिशेब बाकी हाये."
दुसऱ्या रात्री त्यानं तिला नदीतून परत आणली.
पान एकशे अठ्ठेचाळीस.
तिथं शाई बदललेली मी पाहिली होती,
वाटलं, पेन संपलं असेल.

मी म्हटलं, ते काही प्रकाशन नव्हे, सही करा.
वीस माणसं, तीही जंगलात,
कोणाला कळणार आहे?

हे मी बोलायला नको होतं.
पुड्यात पानं कमी निघावीत
तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

सही केली. आणि तिच्याखाली,
'या जागेत काहीही लिहू नये' असं छापलेलं होतं तिथं,
बारीक, मुंशीच्या अक्षरात लिहिलं :
वीस जणांनी ऐकली आहे.
एक मरण सायत्राबाईनं रद्द केलं.

अर्ज बाद होणार, हे मला दिसत होतं.
त्यालाही दिसत असावं;
पोस्टासाठी तो सुटे पैसे मोजू लागला होता.

वीस नाही, मी म्हटलं. एकवीस.

त्यानं हात थांबवला,
कागद परत ओढला, आकडा खोडला,
नवा लिहिला
आणि खाडाखोडीशेजारी आडवी, छोटी सही केली,
फळीच्या हिशेबात करतात तशी.