मिटलं

टोलेडोत, ऐन जानेवारीत, लोरेन पेट्रॅकने
हातमोज्यांची एक जोडी कोटात सरकवली.
चौदा डॉलर.
मग दुकानाची भरपाई, वाचनालयात चाळीस तास
पुस्तकं लावणं. वकील म्हणाला,
मिटलं.

सहा वर्षांनी वृद्धाश्रमातली नोकरी.
मुलाखत छान झाली, मॅनेजरबाई हसलीसुद्धा.
आता फक्त बोटांचे ठसे.

थंड काचेवर दहा बोटं टेकवताना
तिला आठवलं: रंग करडा होता,
अंगठ्याशी टाका उसवलेला.

आठवड्याने अहवाल आला.
आरोप: चोरी. खाली, बारीक अक्षरात: खटला रद्द.
बाईने वरच्याच ओळीवर बोट ठेवलं.

मिटलं होतं, पण डोळा मिटावा तसं.
कुणी नाव घेतलं की उघडणारं.

बाहेर बर्फ. बसला वीस मिनिटं.
लोरेनने उघडे हात
खिशात घातले.