इतर शेरे

दोंडाईच्यात राहून मी सिनेमांची संकेतस्थळं तपासतो.
सिनेमे नाही. सिनेमे मी फारसे बघत नाही.
प्रदर्शनाआधी सहा आठवडे जे दार उघडतं
त्याच्या बिजागरीला तेल आहे का, एवढं बघतो
आणि पुण्याला कळवतो.

काल आलेलं दार उघडायला
एक्केचाळीस सेकंद लागले.
तोवर काळ्यावर एक वर्तुळ फिरत होतं
रसवंतीच्या चाकासारखं, ऊस न घालता.

मग एकदम वाजलं. कुणी मागितलं नव्हतं.
शेजारच्या खोलीत झोपलेलं बाळ रडलं.
नोंद पहिली: आवाज बंद करायची खूण आहे,
पण नायिकेच्या केसांत आहे,
काळ्यावर काळी.

मग पानभर मिरची उधळली.
गोष्ट मिरचीची आहे म्हणे, आणि सूडाची.
बोट न्याल तिथे लाल धूळ उठते.
पुण्याच्या निनादला हे फार आवडलंय.
तो म्हणाला, अनुभव आहे दादा, अनुभव.
मी म्हटलं, तिकीट कुठे काढायचं?
तो म्हणाला, खाली जा.
गेलो.
खाली आणखी खाली होतं.

नियम असा की एक वापरणारा बाहेरचा हवा.
मी पथारीवर गेलो.
जमीन दिसत नव्हती इतकी मिरची वाळत पडलेली.
केशरबाई ठेलारी देठं खुडत होत्या, नाकावर पदर.
मी सलग चार शिंका दिल्या. त्यांनी एकही नाही.
म्हटलं, मावशी, हा सिनेमा कुठे लागणार ते शोधून द्या,
दहा मिनिटं, शंभर रुपये.
त्यांनी हात पुसले, झटकले, पुन्हा पुसले,
तरी काचेवर खऱ्या मिरचीचा ठसा उमटला
आणि आतली खोटी मिरची त्याच्यापासून
घाबरल्यासारखी पांगली.

"आठे काय दाबानं?"
मी गप्प. परीक्षकाने बोलायचं नसतं.
त्यांनी तलवार दाबली. काही नाही.
कुंकू दाबलं. नायिका गेली,
तिच्या जागी दिग्दर्शकाचं मनोगत आलं,
बारीक अक्षरात, राखाडीवर राखाडी.
"पिच्चर कोठे शे?"
हे मी जसंच्या तसं उतरवून घेतलं.
सात वर्षांत इतकं नेमकं मला लिहिता आलेलं नाही.
मग डोळे बारीक करून म्हणाल्या,
"ही मिरची वल्ली शे, भाऊ. वल्ली असी उडत नही."

परतताना जिनिंगची भिंत लागते.
कुठल्यातरी जुन्या सिनेमाचा नायक तिच्यावरून धुऊन गेलाय,
मिशीची एक बाजू तेवढी आहे.
पण स्टेशन रोड, रोज तीन खेळ,
बायकांना बसण्याची वेगळी सोय,
हे अजून वाचता येतं, धावत्या एस्टीतूनसुद्धा.
टॉकीज पाडून तिथे फरशांचं दुकान झालं.
भिंतीला कुणी कळवलं नाही.

आमच्याकडे कळवतात.
सातव्या आठवड्यात पाटी लागते, हे नाव विक्रीस आहे.
बहात्तर दारं तपासली मी.
परत जाऊन ठोठवावं असं
एकही जागेवर नाही.

रात्री तक्ता भरला.
वेग दोन. वाचनीयता तीन.
वाट सापडणे, हा रकाना कोरा ठेवला.
रंगसंगतीला दहापैकी नऊ दिले.
रंग खरंच चांगला आहे, खोटं का बोला.

शेवटी एक चौकट असते, इतर शेरे.
तिच्यात मी हे लिहिलं नाही:
दहावं मिनिट भरायच्या आत
केशरबाईंचा अंगठा कोपऱ्यातल्या फुलीवर पडला
आणि सगळं मिटलं. मागे माझ्या मोबाइलचा निळा पडदा.
त्या दचकल्या.
"सरना का?"
म्हटलं, हो, सरला.
"बरा व्हता," त्या म्हणाल्या,
नोट कमरेला खोचली
आणि पुन्हा देठांकडे वळल्या.